अघनातली चैतू

पिपरटोल्यात केवळरामच्या घरी एक पोर होती. नाव चैतू. आता चैतात जन्मलेल्याला चैतू म्हणावं, इतकं तर कोणालाही कळतं. पण ही जन्मली अघनात, म्हणजे मार्गशीर्षात, धान खळ्यावर आलं होतं तेव्हा. आणि नाव मुलाचं, ही तर पोरगी! हा उफराटा कारभार पाहून परगावचा पाहुणा हमखास थट्टा करायचा, "काऊन वं बाई, पंचांग उंदरानं खाल्लं होतं का तुमचं?" मग गावातलं कोणीतरी त्याला कोपरानं ढोसायचं आणि पाहुणा निमूट विषय बदलायचा.

त्याचं असं झालं होतं. केवळरामची बायको रुख्मा. तिला पहिला मुलगा झाला तो चैतात, म्हणून चैतराम. मोठं गोड लेकरू. ढोलकी वाजली की नाचणार, शिंगाडे दिसले की आईचं लुगडं धरून बसणार, आणि झोपताना आईच्या पोटावर पाय टाकल्याशिवाय डोळा मिटणार नाही. तिसऱ्या वर्षी भादव्यात त्याला ताप आला, आणि तो ताप त्याला घेऊनच उतरला. पुरायला नेण्याआधी शेजारची गीताबाई चुलीशी गेली, काजळीत बोट बुडवलं आणि पोराच्या उजव्या कानामागे टेकवलं. "रडू नको बाई," ती म्हणाली, "आता हा येईन तवा ओळखू येईन."

त्या मुलुखात असं करत. गेलेलं लेकरू त्याच कुशीत परत येतं, आणि येताना काजळीचा डाग अंगावर घेऊन येतं, अशी समजूत. ऐकणाऱ्यानं हसू नये. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

गीताबाईनं रडू नको म्हटलं, आणि रुख्मा खरंच रडली नाही. पण जेवलीही नाही. भाताचा घास हातात धरून बसायची आणि तो हातातच गार व्हायचा. वाळून नुसती काडी झाली. दोन वर्षं अशी गेली. दुसऱ्या साली दिवस राहिले, अघन आला, आणि सुईणीनं पोर पुसून कुशीत दिली तेव्हा रुख्मानं मुलगा की मुलगी हे पाहिलंसुद्धा नाही. आधी उजवा कान दुमडला. कानामागे एक बारीक काळा डाग होता.

"आला माया लेक!" ती म्हणाली, आणि भात मागितला. एकदा खाल्ला, पुन्हा मागितला. केवळराम दाराआड उभा राहून ते ताट रिकामं होताना पाहत होता आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता.

बारशाला बापानं नाव ठेवलं शामकला. ते पाळण्यातच राहिलं. आईनं तिला चैतरामाचेच सदरे घातले, केस बारीक ठेवले, आणि "चैतू, जेवला का रे?" अशीच हाक मारली. पोरही "जेवलो" म्हणायची. तिला वाटायचं, सगळीच लेकरं एकदा जाऊन येतात. माणसं सालेकशाच्या बाजाराला जाऊन येतात तशी. तळ्याच्या पाळीवर आईशेजारी बसून ती विचारायची, "माय, मी मेलो होतो तवा तू रडली होतीस का?"

"कायले रडू? तू तर येनार होतास."

"मी कोठी होतो?"

"तठी. पान्यात." रुख्मा तळ्याकडे बोट करायची. दुपारच्या उन्हात पाणी असं चमकायचं की पलीकडचं रान पाण्यात आहे की पाणीच रानात शिरलंय, काही उमगायचं नाही. वारा पडलेला असायचा. दोघी मायलेकी तिकडे पाहत गुंगून जायच्या, आणि कोण कुणाला सांभाळतंय हे पाहणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

लहान होती तोवर हे निभावलं. सातवं लागलं तशी पोर आपल्या वळणावर जायला लागली. ढोलकी वाजली की कानांवर हात ठेवायची. शिंगाडा तर तिच्या घशाखाली उतरायचा नाही. रुख्मा दर साली पहिला शिंगाडा सोलून तिच्या ओठाशी धरायची, "तुले लय आवडत होता रे, खाऊन तर पाय!" आईचं मन मोडू नये म्हणून पोर गिळायची, आणि मग गोठ्यामागे जाऊन ओकून यायची. एकदा रुख्मानं ते पाहिलं. त्या दिवसापासून तिला एकच भीती लागली. ही जर तो नसेल, तर तो कुठं आहे? त्याच्यासाठी तर आपण डोळ्यांतून टिपूसही काढलं नाही. मग लगेच स्वतःलाच रागवायची, छे, तापानं जीभ बदलली असेल लेकराची, दुसरं काय!

पोरीला वेगळीच चिंता होती. एक दिवस तिनं बापाला हळूच विचारलं, "बा, मले शिंगाडे आवडले नाही, तर मले परत जावं लागन का?"

 केवळरामनं तिला खांद्यावर घेतलं आणि शेताच्या धुऱ्यावरून लांबवर चालत राहिला. सांगणार तरी काय तो! बायकोला जपावं तर पोर झुरते, पोरीला जपावं तर बायको पुन्हा ताट सारते. इकडे आड नि तिकडे विहीर.

अशात दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली नंदलाल गावी आला. हा केवळरामचा धाकटा भाऊ. नागपुरास शेतकी शिकलेला, सरकारी फारमावर नोकरीला, तोंडाचा मोकळा, आणि लग्नाचं नाव काढलं की पळणारा. चैतराम गेला तेव्हा तो नागपुरात होता. काजळीची गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती, आणि चैतू हे लाडाचं नाव, एवढंच तो समजून होता.

तो आला होता धानासाठी. त्या भागात बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाबरोबर करगा उगवतो. करगा म्हणजे रानधान. रोप असताना धानात नि त्याच्यात ब्रह्मदेवालाही फरक कळायचा नाही. पण दाणा भरला की वाऱ्याच्या एका झुळकीत सगळा झडून चिखलात, आणि शेतकऱ्याच्या हाती पेंढा. म्हणून फारमानं जांभळ्या पानाचं धान तयार केलं होतं, आणि नंदलालनं ते भावाला आणून दिलं होतं. निंदताना हिरवं दिसलं की उपट, जांभळं दिसलं की राहू दे. लेकरालाही जमावं. दोन-तीन सालं झकास गेली. मग गेल्या कार्तिकात जांभळ्या झाडांचेच दाणे भराभर झडायला लागले. केवळरामनं कपाळाला हात लावला आणि निरोप धाडला, "नंद्या, तुया फारमाचं धान करगा होऊन राहिलं, येऊन पाय!"

कमरछठेच्या आदल्या दिवशी नंदलाल सालेकशाला आगगाडीतून उतरला. सोबत एक लाकडी पेटी. गाडीवाट खड्ड्यांची, म्हणून बैलगाडीत त्यानं ती मांडीवर धरून आणली.

"भाऊजी, पेटीत नवरी आनली का?" रुख्मानं दारातच विचारलं.

"नवरीच होय वयनी. पन एका डोळ्याची!"

पोहे खाऊन झाले तसा तो बांधीकडे निघाला. रुख्माला तळ्यावर जायचंच होतं. कमरछठेचा उपास तिनं माहेराहून, डोंगरगडच्या अंगाहून आणलेला. लेकराच्या आयुष्यासाठी आईनं धरायचा. त्या दिवशी नांगर लागलेल्या जमिनीतलं काही खायचं नाही. तळ्यात आपसूक उगवतं त्या पसईचा भात खायचा. पसईसुद्धा रानधानच. गेल्या कार्तिकात झाडलेली पसई घरी मडक्यात होती, तरी आदल्या दिवशी तळ्यातल्या पसईला हात लावून यायचा तिचा नेम होता. चैतू पुढे पळत होती.

नंदलाल धोतर खोचून पाण्यात उतरला आणि एक लांब कांडी ओढून वर काढली. कांडी संपता संपेना. दर पेऱ्याला मुळ्या, दर मुळीजवळ कोंब. "पायता का वयनी? कांडी तुटली, वाहत गेली, तठी रुजली. तिचीबी कांडी तुटली, ते अखीन पुढं गेली. सारा तलाव भरला, पन झाड एकच. ना माय, ना बाप, ना लगन. जे होतं तेच, जसंच्या तसं."

रुख्मा पाण्याच्या कडेला आली. "म्हनजे मेलं असं वाटलं, तरी तेच परत येते?"

"कांडी वाचली तर तेच. दुसरं येनारच नाही. आज्याच्या आज्यानं पायलेली पसई ते हेच असन."

रुख्मा पाळीवर बसली. आभाळ पाण्यात उतरलं होतं, ढग पसईच्या पात्यांमधून सरकत होते, आणि इतक्या दिवसांची भीती विरघळून त्याच पाण्यात मिसळून गेल्यासारखं तिला वाटलं. शिकलेला माणूस सांगतोय म्हणजे झालंच! चैतू पालथी पडून पाण्यातल्या किड्याकडे टक लावून होती. रुख्मानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तेच म्हनत होती मी," ती पुटपुटली. आपण कशाला होकार दिला याचा नंदलालला पत्ताही नव्हता. तो कांडी झटकत बांधीत शिरला.

बांधीतून त्यानं एक जांभळं रोप आणलं. धान अजून पोटरीत होतं, कणीस बाहेर पडलं नव्हतं. छपरीत उजेडाला पेटी उघडली, आतून बारीक वस्तू मोठी दाखवणारी पितळी दुर्बीण काढली, तिच्या पायाशी आरसा बसवला. पोटरी उलगडून आतलं कोवळं फूल सुईनं फोडलं, मोहरीहून बारीक काहीतरी काचेवर ठेवलं, त्यावर लाल औषधाचा थेंब टाकला आणि वर पातळ काच ठेवून अंगठ्यानं दाबली. केवळरामनं आधी डोळा लावला. "लाल मुंग्या दिसून राहिल्या," म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

रुख्मा मात्र बसली. आज तिला सगळं पाहायचं होतं.

पहिल्यांदा तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग एकदम गोल, लाल उजेड. सांजेचं तळं असावं तसा. त्यात गोल गोल घरं, एकाला लागून एक, आणि दर घरात गडद धाग्यांचे तुकडे. ती आवाज न करता पाहत राहिली. बाहेरची कोंबडी, गाडीचा खडखडाट, सगळं दूर गेलं.

"या फुलात धूळ तयार होते," नंदलालचा आवाज कुठूनतरी येत होता. "हे घरं त्या धुळीचे. आतल्या धाग्यात झाडाचं सारं असते, पान कसं, दाना कसा. अर्धे धागे मायकडले, अर्धे बापाकडले. दोघाइचे सारखेच, जोडीजोडीचे. जनमभर एका घरात राहतात, पन एकमेकापासी बसत नाहीत. धूळ व्हायच्या आंधी, एकदाच, जवळ येतात."

"एकदाच?"

"एकदाच. गळ्यात गळा घालतात, आपला तुकडा त्याले देतात, त्याचा आपन घेतात. आन् मंग सुटतात. एक या अंगाले, एक त्या अंगाले."

रुख्माला दिसलं. एका घरात सगळ्या जोड्या मधोमध उभ्या होत्या. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत अशाच तर सासुरवाशिणी बहिणी भेटतात. हातात हात घेतात, एकमेकींच्या बांगड्या चढवून पाहतात, एखादी अदलाबदलही होते, आणि मग गाड्या जुंपल्याची हाक आली की एक उगवतीच्या वाटेला लागते, दुसरी मावळतीच्या. शेजारच्या घरात गाड्या सुटल्याच होत्या. मधली जागा रिकामी, आणि धागे दोन टोकांना. खरं तर काचेखाली काहीच हलत नव्हतं, औषधानं सगळं जिथल्या तिथं गोठवलं होतं. पण रुख्माला ते चालताना दिसले. तिचे डोळे भरून आले, आणि का भरून आले ते तिला कळलं नाही.

"मंग घराचे दोन होतात, दोनाचे चार. धुळीच्या एकेका कनात अर्धंच. पुरं कोनापासीच नाही. म्हनून ते वाऱ्यावर उडून दुसऱ्या फुलाकडं जाते. तठचं अर्धं भेटलं की बी होते."

"आन् मंग तेच झाड?"

"छे! कोनता धागा कोन्या अंगाले जाईन, काही नेम आहे का? दर खेपेले वाटनी वेगळी. एकाच मायबापाचं राहो, पन तेच बी दुसऱ्यांदा होत नाही."

"कधीच?"

"सृष्टी झाली तवापासून नाही झालं, वयनी."

रुख्मानं डोळा काचेवरून काढला नाही. "आत्ता तर तळ्यावर म्हनलं ना तुमी, तेच परत येते!"

"ते कांडीचं. कांडीनं आलं तर तेच येते. बियाचं नाही येत. मानूस बियाचा होय."

लाल उजेड तिच्या डोळ्यासमोर थरथरायला लागला. तिनं मान वर केली. "पन ओळखायची खून असली तर?" तिनं विचारलं. "अंगावर खून घेऊन आलं तर?"

नंदलालच्या डोक्यात धान. तो खूश होऊन मांडीवर थाप मारत म्हणाला, "अवं वयनी, खुनेनंच तर फसलो ना आपन! करग्याची धूळ आपल्या धानाच्या फुलावर पडली, आन् जे बी झालं ते जांभळं पान घेऊन आलं. आपन म्हनलं, जांभळं आहे, म्हनजे आपलंच, राहू द्या. पान मायकडून आलं होतं, आत सारं वेगळं होतं. खून येते. पन खून आली म्हनजे तोच आला, असं नाही होत."

तेवढ्यात चैतू दुर्बीण पाहायला आली. त्यानं तिला उचलून मांडीवर घेतलं, तिचा कान लाडानं दुमडला आणि हसला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! "हे पाय ना, हा तीळ. आमच्या मायले अठीच होता, उजव्या कानामांगं. आता हे पोरगी का आमची माय होय?"

रुख्माचं लग्न व्हायच्या आधीच सासू गेली होती. सासूचा कान तिनं कधी पाहिला नव्हता. ती ताडकन उठली, पाट उलटला, पाण्याचा गडवा कलंडला. "फुटो तुमची ते काच!" ती ओरडली आणि परसात निघून गेली. नंदलालनं आधी दुर्बीण सावरली. मांडीवरची पोर घाबरून विचारत होती, "काका, मी का केलो?"

केवळराम गोठ्यात बैलाची पाठ घासत होता. रुख्मा समोर जाऊन उभी राहिली.

"सासूबाईले कानामांगं तीळ होता?"

त्याचा हात थांबला. मग पुन्हा चालू लागला. "होता. लहानपनी तिच्या पाठीवर बसून मी तो नखानं खरडत होतो. मले वाटे, मुंगी होय."

"मंग पोरीचा कान पायला तवाच कळलं असन तुमाले."

"पयल्याच दिवशी कळलं."

"आन् सात वर्सं बोलले नाही? काऊन नाही बोलले?"

केवळराम बैलाकडेच पाहत राहिला. "तूनं भात मागितला होता," तो म्हणाला. "दोन वर्सांनंतर. मी कोन्या तोंडानं सांगू, का तो नाही आला म्हनून?"

 नवऱ्यावर राग यावा म्हणून ती थोडा वेळ उभी राहिली, आणि राग काही आला नाही. मग घरात गेली, आणि कोणाशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी कमरछठ. सकाळपासून पोटात काही नाही. गावातल्या बाया गीताबाईच्या अंगणात जमल्या, छोटासा खड्डा खणून त्यात पाणी भरलं, काठाला काशगवताची नि पळसाची डहाळी रोवली. तळं झालं. कहाण्या सुरू झाल्या. ऊन चढलं, आवाज मधमाश्यांसारखा गुणगुणत राहिला, आणि खांबाला टेकलेल्या रुख्माचा डोळा लागला.

तिला तळं दिसलं. पाणी लाल, संथ. मधोमध चैतराम उभा होता, आपल्या जुन्या सदऱ्यात. आणि त्याच्या गळ्यात हात घालून ही पोर. दोघं हसत होती. त्यानं काहीतरी तिच्या ओंजळीत घातलं, तिनंही त्याला काहीतरी दिलं. मग हात सुटले. तो पलीकडच्या पाळीकडे चालू लागला, कांड्यांमधून, पाणी न उडवता. रुख्मानं हाक मारली, "चैतू!" पोरीनं वळून पाहिलं. तो मात्र वळला नाही. रुख्माला त्याच्या मागं धावायचं होतं, पण अलीकडच्या पाळीवर पोर उभी होती, पाण्यात पाय टाकून, आपल्याला हाक येते का याची वाट पाहत. तिला कोणीच हाक मारत नव्हतं. आणि रुख्माला तिचं नाव आठवेना.

"वं रुख्मा! ऊठ ना वं बाई, पोता माराले घे," गीताबाईनं तिला हलवलं.

उपासाचा तो शेवटचा विधी. पांढऱ्या मातीत भिजवलेली चिंधी आईनं लेकराच्या पाठीवर थोपटायची, की लेकराचं आयुष्य वाढतं. बाया आपापल्या लेकरांना हाका मारत होत्या, लेकरं पाठी उघड्या करून धावत येत होती, हसत होती, पाठीवर पांढरे ठसे घेऊन पळत होती. चैतू कुंपणाजवळ उभी होती. कालपासून आई बोलली नाही, म्हणून तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

रुख्मानं चिंधी उचलली. मग हाक मारली. 

"शामकला!"

कोणीच आलं नाही. कुंपणाजवळची पोर इकडेतिकडे पाहायला लागली, ही नवी पोरगी कोण म्हणून.

"कोनाले बलावून राहिली वं?" गीताबाईनं विचारलं.

"शामकला," रुख्मा पुन्हा म्हणाली. दारात केवळराम आणि नंदलाल उभे होते.  केवळराम कुंपणाशी गेला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "जा माय. तुलेच बलावून राहिली."

पोर बिचकत बिचकत आली आणि पाठ करून उभी राहिली. रुख्मानं सदरा वर केला. बारीक, सावळी पाठ. चैतरामची पाठ भरलेली होती, गोरी होती. हे तिला सात वर्षं दिसलं नव्हतं, ते आता दिसलं. तिनं चिंधी एकदा थोपटली. "माया शामकलाले लय आयुष्य दे," ती म्हणाली. दुसऱ्यांदा हात उचलला आणि तो खाली आलाच नाही.  ती तिथंच मातीत बसली आणि रडायला लागली. साधंसुधं रडणं नव्हतं ते. नऊ वर्षांपूर्वी दारातून बाहेर नेलेल्या लेकरासाठीचं रडणं होतं, ऊर बडवून, त्याचं नाव घेऊन. "माया चैतराम गेला वं! माया लेक गेला!" बाया धावल्या. नंदलाल रडवेला होऊन पुढे येत होता, केवळरामनं त्याला दंडाला धरून थांबवलं. "रडू दे," तो म्हणाला, आणि त्याच्याही गालांवरून पाणी चाललं होतं.

पोर भेदरली होती. तिनं आईचं तोंड दोन्ही हातांत धरलं, पांढरी माती आईच्या गालांना लागली. "माय, काऊन रडून राहिली? कोन मेलं?"

रुख्मानं तिच्याकडे पाहिलं. नीट, पहिल्यांदा पाहावं तसं पाहिलं.

"तुया भाऊ मेला," ती म्हणाली.

पोर थबकली. तिनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "मले भाऊ होता?"

"होता वं बाई. तुया आंधी होता."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?" पोरीचा ओठ थरथरला. ती आईच्या मांडीत शिरली आणि तीही रडायला लागली, कधी न पाहिलेल्या भावासाठी, अगदी मनापासून. गीताबाई वाकून तिला उचलायला गेली तर पोरीनं तिचा पदर धरला. "मले भाऊ होता," ती हुंदके देत सांगत होती, "मोठी माय, मले भाऊ होता." आणि गीताबाई म्हणत होती, "होता बाई, होता."